तुझ्या नावाचं कार्ड

परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, ह्यांच्या ऑफिसातल्या मित्राने क्रेडिट कार्डाची लिंक पाठवलीय. त्या लिंकवरून कार्ड काढलं तर साठ हजार पॉइंट मिळतात म्हणे, आणि त्यालाही काही मिळतात. काढू का?" मी तेव्हा भाजी फोडणीला टाकत होते, म्हणून "थांब जरा, नीट बोलू" एवढंच म्हणाले. आता सावकाश लिहिते. फोनवर ऐकलेलं अर्धं विसरतं, आणि ह्यातलं बरंचसं तुला वर्षभर पुन्हा पुन्हा काढून वाचावं लागेल.

आधी उत्तर. त्या लिंकवरून तू कार्ड काढू नकोस, जावईबापूंना काढू दे. नव्या कार्डाचे पॉइंट त्यांना मिळतील आणि शिफारशीचे त्यांच्या मित्राला. मग चार-सहा महिन्यांनी जावईबापू त्यांच्या कार्डाच्या ॲपमधून तुला लिंक पाठवतील, त्या लिंकवर तू तुझं कार्ड काढ. म्हणजे दुसऱ्या वेळच्या शिफारशीचे पॉइंट घरातच राहतात, आणि मित्राचंही मन राखलं जातं. त्यांनी स्वतःचं कार्ड काढायचं आणि त्यावर तुझं नाव घालून टाकायचं, हे मात्र करू नका. बहुतेक घरांत हेच होतं. माझ्याही घरात झालं होतं.

मी २००३ साली एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाशी जोडलेल्या बायकोच्या व्हिसावर, न्यू जर्सीत आले. नोकरी करायची परवानगी नाही, सोशल सिक्युरिटी नंबर नाही. तुझ्या काकांनी त्यांच्या कार्डावर माझं नाव घातलं, आठवड्याभरात माझ्या नावाचं कार्ड टपालाने आलं. मला वाटलं, झालं, माझंही कार्ड आहे. सहा वर्षं ते पर्समध्ये होतं. किराणा, मुलांचे कपडे, पेट्रोल, सगळं त्यावर. महिन्याचा हिशेब मी ठेवायची, बिलाचा चेक मी लिहायची, काका फक्त सही करायचे. २००९ साली ग्रीन कार्ड झालं, मला नोकरी लागली आणि गाडीसाठी कर्ज मागायला मी एकटीच बँकेत गेले. समोरच्या बाईने माझं नाव आणि नवा नंबर संगणकात घातला, थोडा वेळ बघत बसली, मग पडदा माझ्याकडे वळवला. तिथे काहीच नव्हतं. वाईट नोंद नव्हती, चांगली नव्हती, नोंदच नव्हती. माझ्याकडे नंबर नसल्यामुळे त्या सहा वर्षांतलं एकही बिल माझ्या नावाशी जोडलं गेलं नव्हतं. शेवटी तीनशे डॉलर अनामत ठेवून, तीनशेच डॉलर मर्यादेचं एक कार्ड घेतलं आणि शून्यापासून सुरुवात केली. दोन मुलांची आई होते मी तेव्हा.

म्हणून सांगते, तिकिटाचे पॉइंट मिळतात हे चांगलंच आहे, पण तुझ्यासाठी त्याहून मोठी मिळकत ही आहे की तुझ्या नावाने नोंद सुरू होते. ही नोंद किती जुनी आहे ह्यालाही इथे किंमत असते. पत मोजणाऱ्या फिको गुणांमध्ये वेळेवर बिल भरण्याला ३५ टक्के, वापरलेल्या मर्यादेला ३० टक्के आणि नोंदीच्या वयाला १५ टक्के वजन आहे. पहिली दोन कधीही सुधारता येतात, वय मात्र विकत मिळत नाही.

तू म्हणशील, मावशी, मला पगार नाही, मला कोण कार्ड देणार? देतात. १९७४ च्या कायद्याने इथे बाई आहे किंवा लग्न झालेली आहे म्हणून पत नाकारता येत नाही. त्याआधी कमावत्या बायकांनाही कार्डासाठी नवऱ्याची सही मागत. पुढे २००९ साली कार्डांचा नवा कायदा आला, तो विद्यार्थ्यांना कर्जाच्या विळख्यातून वाचवण्यासाठी चांगलाच होता, पण त्याचे नियम करताना अशी अट पडली की अर्जदाराचं स्वतंत्र उत्पन्नच धरायचं. घर सांभाळणाऱ्या बायका त्यात भरडल्या गेल्या. खूप ओरड झाली आणि २०१३ साली ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणाच्या केंद्रीय कार्यालयाने, सीएफपीबीने, नियम बदलला. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, ज्या उत्पन्नातला पैसा आपल्याला रास्तपणे वापरता येतो ते उत्पन्न अर्जात दाखवता येतं. जावईबापूंचा पगार तुमच्या दोघांच्या खात्यात येतो आणि तू त्यातून घर चालवतेस, तेव्हा तो आकडा तू लिहिलास तर ती लबाडी नाही, तो नियमच आहे. फक्त जेवढा आहे तेवढाच लिही. बोनस मिळेलसा वाटतो म्हणून तो धरू नकोस.

नंबराचं म्हणशील तर तुला एच-४ वर कामाची परवानगी मिळेपर्यंत सोशल सिक्युरिटी नंबर मिळणार नाही. ती परवानगी २०१५ पासून देतात, पण जावईबापूंच्या ग्रीन कार्डाचा अर्ज काही टप्पे पुढे सरकल्यावरच. तोवर आयटीआयएन हा करासाठीचा नंबर काढायचा. तो करखात्याकडून मिळतो, नवराबायकोचं एकत्र करविवरण भरताना त्याला डब्ल्यू-७ हा फॉर्म जोडून. मोठ्या कार्ड कंपन्या आयटीआयएनवर अर्ज घेतात. दुसरी एक वाट आहे. पुण्यात नोकरी करताना तुझं कार्ड होतं ना? अमेरिकन एक्स्प्रेस २०१९ पासून नोव्हा क्रेडिट ह्या कंपनीमार्फत नव्याने आलेल्यांची मायदेशातली पत बघते, भारतातलीही. पुण्यातल्या त्या कार्डाची बिलं तू वेळेवर भरली असशील तर ती इथे उपयोगी पडतील. माझ्या वेळी हे असतं तर!

आता कुठलं कार्ड आधी, हा प्रश्न. ह्यात क्रम चुकला की नंतर दुरुस्त होत नाही. चेस बँकेचा एक अलिखित नियम आहे. मागच्या चोवीस महिन्यांत कुठल्याही बँकेची मिळून पाच नवी कार्डं तुझ्या नावाने निघाली असतील, तर चेस सहसा पुढचं देत नाही. आणि नवऱ्याच्या कार्डावर तुझं नाव घातलेलं असेल तर तेही ह्या पाचात मोजलं जाऊ शकतं. म्हणून जोडकार्ड नको म्हणते. एक जागा फुकट जाते, त्याचे पॉइंट मिळत नाहीत ते वेगळंच. त्यामुळे लोक चेसची कार्डं आधी घेतात आणि अमेरिकन एक्स्प्रेसची मागून. अमेक्सची गोष्ट निराळी आहे. तिथे एका प्रकारच्या कार्डाचा स्वागताचा बोनस जन्मात एकदाच मिळतो. म्हणून घाईने कमी पॉइंटांवर घेऊन टाकलं तर तीच संधी पुन्हा येत नाही. महिना-दोन महिने थांब, बोनस वाढलेला दिसला की मग अर्ज कर.

आमचा जमाखर्च सांगते. काकांकडे चेसचं सफायर प्रिफर्ड होतं. २०१७ साली त्यांनी मला लिंक पाठवली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून अर्ज भरला, ते समोर बसून बघत होते. माझ्या नावाने स्वतंत्र मंजुरी आली. तीन महिन्यांत चार हजार डॉलर खर्च केले की मला पन्नास हजार पॉइंट, आणि लिंक दिल्याबद्दल त्यांना दहा हजार. गाडीचा विमा, मुलीच्या शाळेची सहल, दिवाळीचा फराळ आणि भेटवस्तू, घरातले सगळे नेहमीचे खर्च त्या तीन महिन्यांत मी मुद्दाम त्या कार्डावर घेतले. वेगळं काही विकत घेतलं नाही. चेसमध्ये एका घरातल्या दोघांचे पॉइंट एकत्र करता येतात, तसे केले. त्यात काकांचा जुना बोनस होताच. पुढच्या वर्षी तुझ्या आजीची पंचाहत्तरी होती. आमच्या दोघांपैकी एकाचं मुंबईला जाऊन-येऊन तिकीट त्यातून निघालं, एकाचं पैसे भरून घेतलं. कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी मी पोचले आणि अनारशांचं पीठ आईच्या हाताखाली मळलं. दोन तिकिटांचे पैसे भरायचे असते तर आमच्यापैकी एकालाच जाता आलं असतं.

खर्चाच्या त्या अटीबद्दल मात्र कडक राहा. अर्ज करायच्या आधी वही घे आणि पुढच्या तीन महिन्यांत जो खर्च कसाही होणारच आहे तो लिही. बेरीज अटीच्या जवळ येत नसेल तर आत्ता अर्ज करू नको, विम्याचा हप्ता किंवा भारताची तिकिटं ज्या महिन्यात येतात तेव्हा कर. घरभाडं कार्डावर भरता येतं असं कुणी सांगेल. येतं, पण बहुतेक ठिकाणी वर अडीच-तीन टक्के लावतात, तेव्हा अट अगदी थोडक्यासाठी अडत असेल तरच, एखाद्या महिन्यापुरतं. आणि जावईबापूंच्या नोकरीत चलबिचल दिसत असेल तर नवं कार्ड अजिबात नको. एच-१ व्हिसावर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्या दिवसांत डोक्यावर खर्चाचं लक्ष्य नको.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहायला बसले ती.

तुझं कार्ड झालं की तुझ्याही ॲपमध्ये लिंक येईल आणि तुलाही ती वाटावीशी वाटेल. साहजिक आहे. इथे मराठी मंडळात, मुलांच्या मराठी शाळेत, ओक ट्री रोडवरच्या दुकानाबाहेर, रोज कुणीतरी नवं कुटुंब भेटतं, आणि प्रत्येकाला कार्ड हवंच असतं. पण बँक आपल्याला हे पॉइंट देते कुठून, ते एकदा समजून घे. जाहिरातीवर जो पैसा घालायचा त्यातला थोडा ती तुला देते, हा एक भाग. दुकानदाराकडून प्रत्येक खरेदीमागे टक्का-दोन टक्के मिळतात, हा दुसरा. आणि तिसरा मोठा भाग म्हणजे बिल पूर्ण न भरणाऱ्यांचं व्याज, वर्षाला वीस-बावीस टक्क्यांच्या पुढचं. आपल्या मुंबईच्या तिकिटात कुणाच्या तरी व्याजाचे पैसे असतातच. ते कुणीतरी आपण लिंक दिलेलं माणूस असू नये, एवढं आपण सांभाळू शकतो.

मी ते एकदा सांभाळलं नाही. २०१९ ची गोष्ट. मंडळाच्या गणपतीत एका नव्या मुलीशी ओळख झाली, तुझ्याच वयाची, नुकतीच नोकरी लागलेली. तिने कार्डाबद्दल विचारलं, मी मोठ्या उत्साहाने लिंक पाठवली. तिला कार्ड मिळालं, मला पंधरा हजार पॉइंट. पुढे सात-आठ महिन्यांनी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या निमित्ताने फोन झाला तेव्हा ती सहज म्हणाली, "ताई, कार्डाचं बिल काही केल्या कमीच होत नाही हो." माझ्या पोटात धस्स झालं. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, बिल उघडून माझ्याशी व्हिडिओवर बस. तिने पडद्यावर बिल दाखवलं. खर्चाची अट पुरी करायला तिने सोफा घेतला होता. देणं तीन हजार एकशे डॉलर. त्याखाली व्याजाची ओळ, बासष्ट डॉलर, त्या एका महिन्याचं. मी विचारलं, "तू ऑटोपे लावलंयस ना?" "हो ताई, पहिल्याच दिवशी लावलं." उघडून बघितलं तर तिथे तीन पर्याय होते, किमान रक्कम, बिलाची पूर्ण रक्कम आणि आपण ठरवू ती रक्कम. तिचा ठिपका पहिल्यावर होता. दर महिन्याला बँक किमान रक्कम कापून घेत होती, उशीर एकदाही झालेला नव्हता, त्यामुळे तिला वाटत होतं सगळं व्यवस्थित चाललंय. बिलावर एक चौकट असते, फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर हे देणं फिटायला किती वर्षं लागतील आणि एकूण किती भरावे लागतील, ते त्यात छापलेलं असतं. २००९ च्या कायद्यानेच ती सक्तीची केलीय. पण बिलं ईमेलने येत होती आणि तिने एकही उघडलं नव्हतं.

सात महिन्यांचं व्याज चारशे डॉलरच्या वर गेलं होतं. माझ्या पंधरा हजार पॉइंटांची रोखीतली किंमत दीडशे डॉलर. म्हणजे मला दीडशे मिळावेत म्हणून माझ्यावर विश्वास टाकलेल्या मुलीचे चारशे गेले. बँकेने काही लपवलं नव्हतं, तीही निष्काळजी म्हणावी अशी नव्हती. कमी पडले ते मी, कारण मला हे माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. आम्ही तिथल्या तिथे ठिपका दुसऱ्या पर्यायावर नेला, तिने बचतीतून आधी निम्मं फेडलं, उरलेलं तीन महिन्यांत.

त्यानंतर मी लिंक देताना काय करते ते सांगते, तूही तसंच कर. लिंक मागितल्याशिवाय देत नाही आणि व्हॉट्सॲपच्या गटात कधीच टाकत नाही, कारण गटात कोण कशा परिस्थितीत आहे ते कळत नाही. मागणारीला आधी विचारते, मागचं बिल पूर्ण भरलं होतंस का? भारतातलं शिक्षणाचं कर्ज डोक्यावर आहे का? येत्या वर्षात घर घ्यायचंय का? घर घ्यायचं असेल तर नवीन कार्ड नकोच, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी पतनोंदीत दोन वर्षं दिसते आणि गृहकर्ज देणारा नवं कार्ड दिसलं की प्रश्न विचारतो. आणि तिला सरळ सांगते की ह्यात मलाही पॉइंट मिळणार आहेत. हे लपवायचं नाही. मग तिच्यादेखत बँकेच्या स्वतःच्या पानावरचा बोनस आणि माझ्या लिंकवरचा बोनस ताडून बघते. कधी कधी शाखेत जाऊन अर्ज केला तर जास्त मिळतो. तसं असेल तर तिला शाखेत पाठवते. माझे पॉइंट जातात, जाऊ देत. अर्ज तिने स्वतः भरायचा, तिचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा जन्मतारीख मी मेसेजवर मागत नाही आणि कुणी पाठवली तर पुसून टाकायला लावते. पहिलं बिल आलं की त्या दिवशी फोन करते आणि ऑटोपेचा ठिपका कुठे आहे ते विचारते. हा फोन चुकवायचा नाही.

लिंक दिल्यावर पॉइंट यायला आठ आठवडेही लागतात, तेव्हा रोज ॲप उघडून बघू नको. अर्ज त्याच लिंकवरून झाला पाहिजे. मध्येच पान बंद करून नंतर गूगलवरून शोधून भरला तर शिफारस जुळत नाही आणि मग कितीही फोन करा, उपयोग होत नाही. बोनसचा आकडा आणि अट दिसत असतानाचं पानाचं छायाचित्र तिनेही ठेवायचं, तूही. वर्षाला शिफारशीच्या पॉइंटांवर मर्यादा असते, ती अटींमध्ये दिलेली असते. आमच्या चार कुटुंबांनी ह्यावर भिशीसारखी पाळी लावलीय. ज्याला पुढचं कार्ड हवं असेल तो ज्याची पाळी असेल त्याच्या लिंकवरून घेतो. त्यामुळे "तिची घेतली, माझी नाही घेतली" हा रुसवा होत नाही. इथे माणसं थोडी असतात, त्यांच्यात पॉइंटांवरून दुरावा यायला नको.

एक गोष्ट कराची. नव्या कार्डावर खर्च करून मिळालेला बोनस सवलतीसारखा धरतात, त्यावर कर लागत नाही. शिफारशीचे पॉइंट मात्र उत्पन्न धरतात. वर्षअखेरीनंतर बँक १०९९ हा फॉर्म पाठवू शकते, सहसा एका पॉइंटला एक सेंट धरून. फॉर्म आला नाही तरी हिशेब तुझ्या वहीत असू दे आणि विवरण भरताना करसल्लागाराला सांग. आणि तुम्ही दोघं व्हिसावर आहात, तेव्हा घरातल्या घरात आणि जवळच्या दोनचार माणसांपुरतंच ठेवा. लिंका वाटून नियमित कमाई करायची असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारायचं, नंतर नाही.

आता पॉइंट जमले की ते वापरायचे कसे. बँकेच्या पॉइंटांतून थेट तिकीट घेण्यापेक्षा ते विमान कंपनीकडे वळवले तर पुष्कळदा जास्त पदरात पडतं. चेसचे पॉइंट युनायटेडकडे आणि एअर कॅनडाच्या एरोप्लॅनकडे एकास एक जातात. अमेक्सचे एरोप्लॅनकडे जातात, युनायटेडकडे जात नाहीत. ह्या दोन्ही कंपन्या स्टार अलायन्समध्ये आहेत, एअर इंडियाही २०१४ पासून त्यात आहे. त्यामुळे युनायटेडच्या किंवा एरोप्लॅनच्या मैलांवर एअर इंडियाची, लुफ्तान्साची, टर्किशची जागा घेता येते, असली तर. हे "असली तर" फार महत्त्वाचं आहे. आधी जागा शोध, तारीख आणि आकडा डोळ्यांनी बघ, मगच पॉइंट वळव. एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. मी अशी माणसं बघितलीत ज्यांनी लाखभर पॉइंट वळवले आणि मग दोन वर्षं जागेच्या मागे फिरत राहिले. जागा साधारण अकरा महिने आधी खुल्या होतात. डिसेंबर आणि जून-जुलै फार लवकर भरतात. त्याऐवजी फेब्रुवारी बघ. हुरड्याचा हंगाम असतो आणि ऊनही चढलेलं नसतं.

पॉइंटांचं तिकीट म्हणजे फुकट नव्हे, वर कर आणि शुल्क भरायचं असतं. काही कंपन्या त्यात इंधनाचा मोठा अधिभार मिळवतात. लंडनच्या हीथ्रोवरून जाणारी तिकिटं ह्याबाबत बघून घे, कधी कधी शुल्कच इतकं होतं की पॉइंट घालवण्यात अर्थ राहत नाही. युनायटेडचे मैल वापरले तर तो अधिभार लावत नाहीत, एरोप्लॅननेही २०२० पासून बंद केलाय.

आणि हे ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर लाव. आपला भारतीय पासपोर्ट आहे. पॉइंटांची तिकिटं पुष्कळदा युरोपातून फिरून जातात, आणि पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपलेला असेल तर वाटेत विमान बदलायलासुद्धा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. मुदतवाढीचा कागद हातात आहे म्हणून चालत नाही. आमच्या शेजारच्या जोडप्याला दोन मुलांसकट विमानतळाच्या खिडकीवरून परत यावं लागलं, सामान तोललेलं असताना. तिकीट घेण्याआधी तुझ्या आणि जावईबापूंच्या, दोघांच्याही व्हिसाच्या शिक्क्याची तारीख बघ. शंका असेल तर पॉइंट जास्त लागले तरी सरळ जाणारं विमान घे.

वर्षभराने कार्डाची फी येईल. सफायर प्रिफर्डची पंचाण्णव डॉलर आहे, दोघांची दोन कार्डं म्हणजे दुप्पट. तेव्हा ठरव, ठेवायचं की नाही. नको असेल तर बंद करण्याआधी बँकेला विचार की बिनफीच्या कार्डात बदलून देता का. बदललं तर त्या कार्डाची नोंद चालू राहते. सगळ्यात जुनं कार्ड तर कधीच बंद करू नकोस. अमेक्सचं पॉइंटवालं एकुलतं कार्ड बंद केलं तर त्यातले पॉइंटही जातात, आधी ते वापर किंवा वळव.

तर आता काम. जावईबापूंना सांग, मित्राच्या लिंकवरून त्यांनी अर्ज करावा, पण उत्पन्न आणि खर्चाची वही आधी झाली पाहिजे. आणि तू रविवारी माझ्याकडे ये. येताना तुझा पासपोर्ट, दोघांचे व्हिसाचे कागद आणि जावईबापूंचा पगाराचा डब्ल्यू-२ फॉर्म घेऊन ये. डब्ल्यू-७ आपण बसून भरू. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवायचा नाही. करखात्याने मान्यता दिलेला एक माणूस एडिसनला बसतो, तो समोर बघून खात्री करतो आणि पासपोर्ट लगेच परत देतो. सकाळी दहापर्यंत ये, दुपारी तिथे रांग लागते. थालीपीठ लावते, जेवूनच निघू.